सभागृहातलं काम आणि मतपेटी

प्रश्न : आमचे आमदार विधानसभेत केळी पीकविम्यावर बोलतात. त्याने मतं वाढतात का? (वाचक, चोपडा तालुका)

उत्तर : थेट फारशी नाहीत. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) कामकाजाच्या कागदात राहतो. डीपी (गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाल्यावर फोन उचलला की नाही, ते गाव विसरत नाही. शिवाय जात, तिकीट, बंडखोरी कामावर मात करतात.

पडताळायचंय? आमदार निधीतल्या कामांची गावनिहाय यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा : शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. मग त्या कामांआधीच्या आणि नंतरच्या, अशा दोन्ही निवडणुकांचे ‘नमुना 20’ (मतदान केंद्रनिहाय मतांचा निकालतक्ता) घेऊन केंद्रनिहाय मतं ताडून बघा. इथेच घोळ होतो : केंद्रांचे क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांकावर न जाता गाव-शाळेच्या नावाने जुळवा. मतांचा आकडा नको, टक्का घ्या. आणि आमदार निधीतून सभामंडप न मिळालेलं शेजारचं गाव आवर्जून बघा. नाराजी बहुधा तिथेच सापडते.