सासऱ्यांच्या एमआरआय रिपोर्टमध्ये 'वयामुळे मेंदू आकसलाय' एवढंच लिहिलंय. स्कॅनवरून डिमेन्शिया कुठल्या प्रकारचा ते कळतं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सासरे 72 वर्षांचे. दीड वर्षापासून घोळ घालतात. एक दिवस पेपर वाचून त्यावर वाद घालतील, दुसऱ्या दिवशी सदऱ्याची बटणं लागत नाहीत. संध्याकाळी अंगणात 'पोरं बसलीयत' म्हणतात. एमआरआयच्या रिपोर्टात 'एज-रिलेटेड सेरेब्रल अट्रॉफी' एवढंच आलंय, आणि आता न्यूरॉलॉजिस्ट पेट स्कॅन सांगताहेत. एवढे पैसे घालून प्रकार नक्की कळेल का, असा तुमचा प्रश्न.

मी मिरजेत रेडिओलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट लिहिण्यात बावीस वर्षं गेली, तेव्हा आधी आमच्याच बाजूची एक गोष्ट कबूल करतो. ते शब्द आम्ही झोपेतही टाइप करू शकतो. सत्तरीपुढच्या कुणाच्याही फिल्मवर ते सहसा खोटे ठरत नाहीत. आणि आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवरही बऱ्याचदा 'मेमरी लॉस' यापलीकडे काही नसतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले एक कॅशियर आले होते, साठीच्या आतले. फॉर्मवर तेच दोन शब्द. मी सवयीने हिप्पोकॅम्पस पाहिला, म्हणजे आठवणी साठवायचं काम जिथून सुरू होतं तो कानशिलाच्या आतला भाग. तो ठीक होता. रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल लिहून मोकळा झालो. फिल्म घ्यायला आलेल्या त्यांच्या बायकोने सहज सांगितलं, "विसरत काहीच नाहीत हो. परवा लग्नात शेजारच्याच्या ताटातली जिलबी उचलून खाल्ली. माझी आई गेली तेव्हा हसत बसले होते." मी परत जाऊन फिल्म लावली. कपाळामागचा भाग आणि कानशिलाचं पुढचं टोक आकसलेलं, उजवीकडे जास्त, आणि मेंदूच्या वळ्या सुरीच्या पात्यासारख्या बारीक झालेल्या. अर्ध्या तासापूर्वी मी हीच फिल्म बघितली होती! तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया होता, म्हणजे आठवणींआधी वागणं बिघडवणारा प्रकार. रिपोर्ट बदलला. तेव्हापासून असा पेशंट आला की मशीनवर घ्यायच्या आधी मी घरच्यांना बाहेर बसवून पाच मिनिटं बोलतो.

म्हणून माझं उत्तर असं: स्कॅनवरून प्रकार कळायला मदत होते, पण घरात काय चाललंय ते माहीत असेल तरच.

एमआरआयचं पहिलं काम प्रकार सांगणं हे नसतंच. बरं होण्यासारखं काही सुटत नाही ना, ते आधी बघायचं असतं. न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलेल्या एक आजी 'दोन महिन्यांत एकदम विसरायला लागल्या' म्हणून आमच्याकडे आल्या. कवटीच्या आत दोन्ही बाजूंना जुनं रक्त साचलेलं निघालं. कवटीला छिद्रं पाडून ते काढलं, आणि पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्या माझ्या टेक्निशियनशी बसच्या सुट्ट्या पैशांवरून भांडत होत्या. गाठ असो किंवा मेंदूतलं पाणी वाढलेलं असो, तेही इथेच सापडतं. पाण्याच्या त्रासात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसरभोळेपणा येतो. शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, टाकून यातले काही जण चांगले सुधारतात. एवढं बघायला साधा सीटीही बऱ्याचदा पुरतो. बी-12 आणि थायरॉइड मात्र रक्तातच बघावे लागतात, ते झाले नसतील तर आधी करा.

दुसरं काम म्हणजे आकसलंय कुठे ते बघणं. अल्झायमरमध्ये सहसा हिप्पोकॅम्पस आधी झिजतो. तो किती झिजलाय याला आम्ही 0 ते 4 असे गुण देतो. 75 च्या आतल्या माणसाला 2 मिळाले तर आम्ही कान टवकारतो, त्यापुढच्या वयात 2 सहसा खपवून घेतो. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिपके आणि डाग दिसतात, त्यांना 0 ते 3 गुण. बीपी-शुगरवाल्यांच्या मेंदूत थोडे ठिपके असतातच, त्यामुळे ठिपके दिसले म्हणून लगेच तेच निदान करायचं नाही. सत्तरी-ऐंशीत दोन-दोन आजार एकत्र नांदत असतात हेही आहेच.

आता तुमच्या सासऱ्यांकडे येतो. मी त्यांना तपासलेलं नाही, फिल्मही बघितलेली नाही. पण दिवसागणिक चढउतार आणि स्पष्ट दिसणारी माणसं, हे ऐकल्यावर कुणाच्याही मनात ल्युई बॉडी डिमेन्शिया हा प्रकार येईल. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टच्या मनातही तेच असावं. एक गोष्ट सासूबाईंना विचारा: झोपेत लाथा मारणं, ओरडणं, स्वप्नातल्या माणसाशी मारामारी करणं, असं काही आहे का? हे लक्षण विसरभोळेपणाच्या कितीतरी वर्षं आधीपासून असू शकतं. कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. सासूबाई वेगळ्या खाटेवर झोपायला लागल्याला दहा वर्षं झालेली असतात आणि घरात त्याचं कारण 'घोरणं' असं ठरून गेलेलं असतं. हातपाय कडक होणं, बारीक पावलं टाकत चालणं, हेही पाहा.

या आजारात हिप्पोकॅम्पस बऱ्यापैकी शाबूत राहतो. म्हणजे 'वयानुसार आहे' असा एमआरआय इथे विरोधात जात नाही, उलट थोडा जुळतोच.

डिमेन्शियासाठी पेट स्कॅन मुख्यतः दोन प्रकारचे असतात, आणि डॉक्टरांनी नेमका कुठला लिहिलाय ते बघा. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी साखर. मेंदूचा कुठला भाग किती साखर खातो ते त्यात दिसतं. अल्झायमरमध्ये कानशिलाचा मागचा भाग आणि त्याच्या वरचा भाग मंदावतो. ल्युई बॉडीत त्यासोबत डोक्याच्या अगदी मागचा, नजरेचं काम करणारा भागही मंदावतो. अंगणातल्या पोरांचा त्याच्याशी संबंध असावा, असं मला नेहमी वाटतं. दुसरा अमायलॉइड पेट. अमायलॉइड म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन. 2004 मध्ये पिट्सबर्गच्या रसायनाने जिवंत माणसाच्या मेंदूतला अमायलॉइड दाखवला आणि 2012 मध्ये अमेरिकेत स्कॅनसाठी टोचायच्या अशा पहिल्या रसायनाला मान्यता मिळाली. मोठी गोष्ट होती ती. पण स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांमध्येही पन्नाशीत सुमारे 10 टक्के आणि नव्वदीत 40 टक्क्यांहून जास्त लोकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडतो. ल्युई बॉडीच्या बऱ्याच पेशंटमध्येही सापडतो. तुमच्या प्रश्नाला तो फारसा उपयोगाचा नाही.

त्यापेक्षा डोपामिनचा, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचा, स्कॅन नेमका पडतो. आपल्याकडे तो ट्रोडॅट नावाने होतो. निरोगी माणसात मेंदूच्या मध्यभागी दोन स्वल्पविराम चमकताना दिसतात. ल्युई बॉडीत शेपट्या विझतात आणि पूर्णविराम उरतात. अल्झायमरमध्ये सहसा स्वल्पविराम टिकतात. पार्किन्सनमध्येही पूर्णविरामच दिसतात, आणि ल्युई बॉडी असूनही स्कॅन कधी कधी नॉर्मल येतो, एवढं धरून चाला. 'पेटऐवजी ट्रोडॅट चालेल का' हे डॉक्टरांना सरळ विचारा, यात त्यांना राग येण्यासारखं काही नाही.

प्रकार कळून फायदा काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ल्युई बॉडीच्या पेशंटला रात्री आरडाओरडा करतो म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर तो ताठरतो, गुंगीत जातो, जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे ही शंका आहे हे घरात येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा, स्कॅन होवो न होवो.

पेट ठरलाच तर: एफडीजीला चार ते सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर गोळ्यांचं आदल्या दिवशी विचारून घ्या, साखर चढलेली असली तर चित्र बिघडतं. इंजेक्शननंतर अर्धा तास मंद उजेडात गप्प पडून राहायचं असतं, त्या वेळी फोन नको, गप्पा नकोत. ते रसायन 110 मिनिटांत निम्मं होतं, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका.

जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि अर्ध्या कागदावर मराठीतच लिहून न्या: काय बदललं, कधीपासून, आधी काय आणि नंतर काय. सासूबाईंना शेजारी बसवून लिहा. पोरं किती वाजता येतात आणि सासरे त्यांना घाबरतात की चहा द्यायला सांगतात, तेही.