क्रूझ बुक केल्यानंतर दर उतरले तर रद्द करून पुन्हा बुक करावी का?

तुम्ही लिहिलंय की सिंगापूरहून चार रात्रींची सफर आहे, दिवाळीच्या सुट्टीत. आई-वडील आणि तुम्ही दोघं, दोन बाल्कनी केबिन. एप्रिलमध्ये माणशी ६८,००० रुपयांना घेतली आणि आता तीच सफर वेबसाइटवर ५७,००० ला दिसते. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "एकदा बुक झालं की काही होत नाही."

हे वाक्य वाचूनच उत्तर लिहायला बसलो. मी याच शहरात याच धंद्यात आहे आणि हे वाक्य धादांत चुकीचं आहे. बुक झाल्यावर बरंच काही होतं. दर उतरले की पहिलं काम रीप्राइसचं. बुकिंग नंबर तोच, केबिन तीच, फक्त भाडं आजच्या दराला आणायचं. शेवटच्या हप्त्याची तारीख उलटलेली नसेल, तर बहुतेक मोठ्या कंपन्या हे करून देतात. एजंटला त्यासाठी कंपनीच्या पोर्टलवर जावं लागतं किंवा एक फोन करावा लागतो. तो टाळाटाळ करतो याचं कारण साधं आहे. कमिशन भाड्यावर मिळतं, कर आणि पोर्ट चार्जेसवर (बंदराच्या शुल्कावर) नाही. तुमचे ४४,००० वाचले की तेवढ्यावरचं त्याचं कमिशन जातं. पण बुकिंग घेतल्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत दरावर नजर ठेवणं हे त्याचंच काम आहे, कमिशन त्याचंच असतं. धंद्यातल्या लोकांशी यावर माझे वाद होत आलेत आणि मी मत बदललेलं नाही.

आता तुमचा हिशोब. एप्रिलचं कन्फर्मेशन समोर घ्या. त्यात चार गोष्टी शोधा: केबिनच्या कॅटेगरीचा, म्हणजे प्रकाराचा कोड (बाल्कनीतही चार-पाच कोड असतात), डिपॉझिट रिफंडेबल आहे की नॉन-रिफंडेबल, फायनल पेमेंटची म्हणजे शेवटच्या हप्त्याची तारीख, आणि भाड्यात काय काय धरलंय. वेबसाइटवरचे ५७,००० आणि तुमचे ६८,००० एकाच मापाचे आहेत का, ते याशिवाय कळणार नाही.

बहुतेक वेळा ते नसतात. वेबसाइटच्या पहिल्या पानावर अनेकदा नुसतं भाडं असतं, कर आणि पोर्ट चार्जेस शेवटच्या पानावर जोडले जातात. तुमच्या बिलात ती ओळ माणशी ७,००० ची असेल, तर खरा फरक ११,००० नव्हे, ४,००० आहे. दुसरी ओळ ग्रॅच्युइटीची, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या टिपची. मोठ्या कंपन्या साध्या केबिनला दिवसाला माणशी साधारण १६ ते २० डॉलर लावतात. १८ धरा. चार माणसं, चार रात्री, २८८ डॉलर झाले. डॉलर ९० रुपये धरला तर पंचवीस-सव्वीस हजार. जुन्या बुकिंगमध्ये टिप धरलेली असेल आणि नव्यात नसेल, तर दिसणाऱ्या ४४,००० मधले निम्म्याहून जास्त इथेच गेले. म्हणून तुलना नेहमी पैसे भरण्याच्या पानावरच्या आकड्याशी करा. खोटं बुकिंग करत तिथपर्यंत जा, चौघांची खरी वयं टाका आणि कार्ड मागितलं की थांबा. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. चलनही तेच ठेवा. सिंगापूर डॉलरमधला दर तोच राहून रुपया हलला, तरी दर उतरल्यासारखा वाटतो.

तिसरा सापळा सगळ्यात मोठा. उतरलेला दर पुष्कळदा गॅरंटी केबिनचा असतो. बाल्कनी मिळेल एवढी हमी असते, कुठल्या डेकवर (मजल्यावर) आणि कुठल्या टोकाला ते कंपनी ठरवते, तेही कधीकधी निघायच्या काही दिवस आधी. तुम्ही एप्रिलमध्ये केबिन नंबर निवडून घेतला असेल, तर या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत.

यावर पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदार कुटुंबाचं उदाहरण देतो. त्यांनी कंपनीच्या वेबसाइटवरून थेट बुकिंग केलं होतं आणि काम बिघडल्यावर कागद घेऊन माझ्याकडे आले. मालाचे पैसे हातात आले तेव्हा एप्रिलमध्ये तीन केबिन घेतल्या होत्या, मधल्या भागात, लिफ्टजवळ. त्यातल्या दोन आतून दार असलेल्या, म्हणजे आजी एका केबिनमध्ये आणि नातवंडं पलीकडे. तिन्ही बुकिंग एकमेकांना जोडलेली, जेवणाचं टेबल एक, जैन जेवणाची नोंद झालेली. जुलैमध्ये दर उतरला. पुण्याच्या जावयांकडे लॉगिन होतं. त्यांनी रात्री तिन्ही केबिन रद्द केल्या आणि मग नव्या शोधायला घेतल्या. क्रम उलटा झाला. सोडलेल्या केबिन लगेच विक्रीला परत येतील असं त्यांनी धरलं होतं. तसं होईलच असं नसतं. सुटलेली केबिन परत यादीत कधी टाकायची आणि कुठल्या दराने, हे कंपनी ठरवते. त्यांना दोन केबिन एका डेकवर मिळाल्या, आतलं दार नसलेल्या. तिसरी गॅरंटीत, ती जहाजाच्या पुढच्या टोकाला निघाली. सिंगापूरहून सुटणारी मोठी जहाजं साडेतीनशे मीटरच्या आसपास लांब असतात. काठी टेकत चालणाऱ्या आजीला जेवायला जाण्यासाठी रोज तो कॉरिडॉर तुडवायचा. पुढच्या टोकाला लाट जास्त जाणवते ते वेगळंच, आणि बंदरात शिरताना पुढच्या थ्रस्टरची (जहाज बाजूला ढकलणाऱ्या पंख्याची) घरघर पहाटे उठवते.

एवढ्यावर थांबलं नाही. वाय-फाय आणि पेयांची पॅकेजं त्यांनी आधी सेलमध्ये घेतली होती. ती बुकिंग नंबराला चिकटलेली असतात, त्यामुळे बुकिंगबरोबर आपोआप रद्द झाली. पैसे परत आले, पण नव्याने घ्यायची तर त्या दिवसाच्या दराने. जैन जेवणाची नोंद, वाढदिवसाची नोंद, टेबलची जोडणी, सगळं पुन्हा. जुन्या योजनेतलं (बुकिंगच्या वेळच्या ऑफरमधलं) जहाजावर खर्चायचं क्रेडिट गेलं, कारण नव्या योजनेत ते नव्हतं. भाड्यात वाचलेले पैसे या सगळ्यात जवळपास सारखे झाले आणि आतलं दार काही परत मिळालं नाही. रद्द करण्याआधी एक रीप्राइसची विनंती केली असती, तर केबिन हलल्या नसत्या. "एजंट कशाला, थेट बुक करा, स्वस्त पडतं" असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. थेट बुकिंगमध्ये रद्द करायचं बटण तुमच्या हातात असतं आणि ते दाबण्याआधी थांबवणारं कोणी नसतं.

तर क्रम असा. आज एजंटला तोंडी नाही, लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, ईमेल बरा. मजकूर एवढाच: "बुकिंग नंबर अमुक. याच सफरीचा, याच कॅटेगरीचा, कर धरून आजचा दर अमुक आहे, स्क्रीनशॉट सोबत आहे. फायनल पेमेंटच्या आधी रीप्राइस करून सुधारित कन्फर्मेशन पाठवा. केबिन नंबर आणि दोन्ही केबिनची जोडणी बदलू नये. सध्याच्या योजनेतलं काय जाईल ते आधी कळवा." शेवटचं वाक्य गाळू नका. रीप्राइस करताना जुनी योजना पूर्ण निघते आणि आजची लागू होते. जुन्यात फुकट वाय-फाय किंवा क्रेडिट असेल तर ते जातं आणि फरक त्यात विरघळतो. आणि आजच पाठवा, आज दिसणारा दर उद्या असेलच असं नाही.

एजंटने दोन दिवसांत उत्तर दिलं नाही, तर कंपनीच्या भारतातल्या ऑफिसला फोन करून रीप्राइस होऊ शकतं का एवढं विचारा. एजंटमार्फत झालेल्या बुकिंगला कंपनी थेट हात लावत नाही, पण होऊ शकतं की नाही हे सांगते. ते उत्तर घेऊन एजंटकडे परत जा.

रीप्राइस नाकारलं, तरच रद्द करण्याचा विचार. इथे डिपॉझिटचा प्रकार सगळं ठरवतो. नॉन-रिफंडेबल असेल, तर काही कंपन्या ते पूर्ण ठेवतात आणि काही माणशी १०० डॉलर कापून उरलेलं पुढच्या सफरीचं क्रेडिट म्हणून देतात. चौघांचे ४०० डॉलर म्हणजे ३६,०००. तुमच्या ४४,००० मधले उरले ८,०००. नवं बुकिंग क्रेडिट कार्डावर परकीय चलनात केलं, तर बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनासाठीचं बँकेचं शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. २,२८,००० वर ते साधारण ९,४०० होतात. म्हणजे सगळी धावपळ करून खिशातून हजार-दीड हजार गेले. अशा भाड्यात रद्द करणं हा सौदा नाही. रीप्राइस मात्र नॉन-रिफंडेबल भाड्यातही बहुतेकदा बिनखर्चात होतं, कारण जहाज आणि तारीख तीच राहते.

डिपॉझिट रिफंडेबल असेल आणि फायनल पेमेंटची तारीख उलटलेली नसेल, तर रद्द करता येईल. तेव्हाही आधी नवी केबिन हातात घ्या, मग जुनी सोडा. काही भाड्यांत कंपन्या २४ तासांचा होल्ड देतात, म्हणजे केबिन तेवढा वेळ राखून ठेवतात, तो मागा. एकाच सफरीवर एकाच माणसाची दोन बुकिंग फार वेळ राहू देऊ नका. सिस्टिम डुप्लिकेट म्हणून पकडते आणि दोन्हींपैकी नको ते उडू शकतं. नवीचं कन्फर्मेशन आलं की त्याच दिवशी जुनी रद्द करा आणि रद्द केल्याचा नंबर लेखी घ्या. रिफंड परत यायला दिवस लागतात, तोवर कार्डाची मर्यादा दोन्ही बुकिंगांनी अडलेली असते. ती आधी तपासा. रिफंड त्या दिवसाच्या विनिमय दराने येतो, भरले तेवढेच रुपये परत येतील असं धरू नका.

भारतातल्या विक्रेत्याकडून पॅकेज घेतलं असेल, तर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, कापलेला असतो. २०२५-२६ मध्ये तो १० लाखांपर्यंत ५ टक्के होता, वर २० टक्के. ही बुडीत रक्कम नाही, पॅनवर जमा होते आणि रिटर्नमध्ये वळती होते. पण एकदा सरकारकडे भरली की विक्रेता सहसा हातात परत देत नाही, आणि नव्या बुकिंगवर पुन्हा कापला जातो. तेवढे पैसे अडकतात.

फायनल पेमेंटची तारीख साधारण ७५ ते ९० दिवस आधीची असते, लांब सफरींना त्याहून आधीची. एजंटची स्वतःची तारीख कंपनीच्या आधी असते आणि ग्रुपमध्ये घेतलेल्या केबिनची त्याहूनही आधी, म्हणून त्याच्या बिलावरची तारीख पाहा. ती उलटली की रद्द करण्याचा दंड टप्प्याटप्प्याने २५, ५०, ७५ आणि शेवटच्या महिन्यात १०० टक्क्यांपर्यंत जातो. तेव्हा दर अर्ध्यावर आला तरी रद्द करू नका. पैसे परत मागू नका, मिळणार नाहीत. वरची केबिन मागा. तुम्ही भरलेल्या पैशात आज त्याच जहाजावर मोठी बाल्कनी किंवा स्वीट (सगळ्यात मोठ्या प्रकारची केबिन) बसत असेल, तर फरक न घेता हलवण्याची विनंती करता येते. नियमाने बांधील नसतात, पण केबिन रिकाम्या राहायला लागल्या की ऐकतात. तुमच्या बाबतीत मात्र दोन्ही केबिन एकत्रच हलणार असतील तरच हो म्हणा.

माझं मत विचाराल तर सगळे कर, टिप, मार्कअप धरून माणशी ३,००० पेक्षा कमी उरत असतील, तर रद्द-बिद्द काही करू नका, फक्त रीप्राइस मागा. आई-वडिलांसाठी मधल्या भागातली, लिफ्टजवळची, वर आणि खाली दोन्ही डेकवर केबिनच असलेली जागा मिळाली असेल, तर मी ७,००० पर्यंतही हलवणार नाही. पूल डेकच्या थेट खालच्या केबिनमध्ये पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो.

दोन गोष्टी राहिल्या. ही सफर युरोपची असती आणि शेंगेन व्हिसाची फाइल मुंबईत व्हीएफएसला (व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राला) गेलेली असती, तर फाइलमध्ये जोडलेलं बुकिंग निर्णय येईपर्यंत रद्द करू नका म्हटलं असतं. सिंगापूरचा व्हिसा निघालेला असेल आणि तारखा त्याच राहत असतील तर अडचण नाही, नवं कन्फर्मेशन सोबत ठेवा. आणि प्रवास विमा स्वस्त दरासाठी स्वतःहून रद्द केलेल्या सफरीचे पैसे देत नाही, तो आधार धरू नका.

हे सगळं परदेशी कंपन्यांच्या सफरींबद्दल. मुंबईहून सुटणाऱ्या गोवा किंवा लक्षद्वीपच्या छोट्या सफरींचे नियम वेगळे असतात. तिथे रुपयातच व्यवहार असल्याने मार्कअपचा प्रश्न येत नाही. पण भाडं मुळात कमी असल्यामुळे रद्द करण्याचा ठरावीक दंड फरकापेक्षा मोठा निघू शकतो. त्यांच्या बिलावरचा दंडाचा तक्ता वाचूनच ठरवा.