नकाराच्या पत्राला तेवीस महिने झाले, आणि तुम्ही हुकाबद्दल विचारताय

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचे पत्र आले आहे. हकिगत थोडक्यात अशी. त्यांच्याकडे पुण्याहून घेतलेली महागडी जर्मन सेडान आहे. तिला मागे टो हुक, म्हणजे ट्रेलर ओढायचा आकडा, बसवून घेतला आणि हुकाला जोडायला वर्कशॉपमध्येच एक छोटा ट्रेलर बनवून घेतला. हंगामात हापूसचे प्लॅस्टिक क्रेट कोल्हापूरला पोहोचवायचे आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचे. अशाच एका परतीच्या खेपेत फोंडा घाट उतरताना वळणावर ट्रेलर मागून फेकला गेला आणि गाडी कठड्यावर आदळली. कुणाला लागले नाही. विमा कंपनीने नुकसानीची पाहणी करायला सर्व्हेअर पाठवला आणि नंतर एका वाक्यात दावा नाकारला: 'वाहनात पूर्वपरवानगीशिवाय केलेल्या फेरफारामुळे दावा नामंजूर.' त्यांनी नऊ लाखांची दुरुस्ती पदरचे पैसे घालून केली. आता ते विचारतात, सेडानला हुक लावणे बेकायदा आहे का? आरटीओकडे माहिती अधिकारात अर्ज करून तसे लेखी घेऊ का?

हा प्रश्न गुहागरपासून मालवणपर्यंत सगळीकडून येतो. कुणाला क्रेट ओढायचे असतात, कुणाला कयाक, कुणाला जेट स्की. म्हणून उत्तर जाहीर देतो आहे.

हुकावर दोन वकील दुपारभर भांडू शकतात. तुमचे प्रकरण तिथे ठरणार नाही. ते ठरणार नकाराच्या पत्रावरच्या तारखेवर. तुम्हीच लिहिता की त्या पत्राला तेवीस महिने झाले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 69 म्हणते की तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल झाली पाहिजे. विम्यात कारण घडते ते नकाराच्या दिवशी. म्हणजे तुमच्या हातात एक महिना आहे, आणि त्यात तुम्ही माहिती अधिकाराचा अर्ज टाकायला निघाला आहात, ज्याच्या उत्तरासाठी कायदाच तीस दिवस देतो.

हे तेवीस महिने कुठे गेले, तेही पत्रात आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कंपनीला ई-मेल, आणि दर वेळी 'आपले म्हणणे संबंधित विभागाकडे पाठवले आहे' असे उत्तर. तुम्ही ती आशा समजलात. स्मरणपत्रे पाठवल्याने मुदत वाढत नाही. कंपनीने प्रकरण पुन्हा उघडून नव्याने निर्णय दिला असता, तर काही बोलता आले असते. नुसत्या पोचेला काही अर्थ नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. ई-मेलच्या उत्तराची वाट पाहत होतो, हे पुरेसे कारण ठरेल असे मला वाटत नाही. मुदत पत्र हातात पडले त्या दिवसापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येतो. पोस्टाचे पाकीट ठेवले आहे का? नसेल, तर पत्रावरची तारीखच धरून चाला.

विमा लोकपालाचे दार तुमच्यासाठी जवळजवळ बंद झाले आहे. तिथे आधी कंपनीकडे लेखी दाद मागावी लागते, आणि तिचा नकार आल्यापासून, किंवा महिनाभर उत्तर आले नाही तर तो महिना संपल्यापासून, एक वर्षाच्या आत जावे लागते. पॉलिसीच्या मागच्या पानावर आणखी एक अट आहे: कंपनीने जबाबदारी नाकारल्यावर बारा महिन्यांत दावा लावला नाही तर तो सोडून दिला असे समजले जाईल. कंपनी ती पुढे करणारच. करार कायद्याचे कलम 28 बदलले 1997 साली, त्यानंतर असे कलम टिकणे अवघड आहे असे माझे मत आहे. पण हा वाद कंपनीला काढू द्या. आपण होऊन त्याचा उल्लेख करू नका.

तक्रार सिंधुदुर्गनगरीला जिल्हा ग्राहक आयोगात करायची. मुंबईला जाऊ नका, पुण्यालाही नको. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. कोणता आयोग हे दाव्याच्या रकमेवरून ठरत नाही, तुम्ही भरलेल्या मोबदल्यावरून, म्हणजे प्रीमियमवरून ठरते. त्यामुळे नऊ लाखांच्या आकड्याला बिचकू नका. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कागदात त्रुटी निघाल्या तर नंतर दुरुस्त होतात, चुकलेली तारीख होत नाही.

आता नकाराच्या त्या एका वाक्याकडे. त्यात फक्त 'फेरफार' आहे, वापराचा उल्लेख नाही. हे तुमचे नशीब, कारण खाजगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, तसेच नमुने व वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक त्यात बसत नाही. कंपनीला हेच कारण लिहायचे सुचले असते, तर तुमची बाजू फार कमकुवत झाली असती. नकाराच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर आयोगापुढे काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात 2019 मध्ये सांगितले आहे. तुमच्या तक्रारीचा कणा हाच.

आणि तुम्ही काय केलेत? तिसऱ्या ई-मेलमध्ये आपण होऊन लिहिलेत, 'मी शेजाऱ्यांचेही आंबे नेतो, पण फक्त डिझेलचे पैसे घेतो.' कुणी विचारले नव्हते. हा ई-मेल कंपनी दाखल करणार हे धरून चाला. तक्रारीत खोटे एक अक्षर लिहू नका. पण परतीच्या खेपेत ट्रेलरमध्ये फक्त रिकामे क्रेट होते, हे ठळक लिहा. पॉलिसीतला अपवाद, मर्यादेबाहेर वापर चालू असताना झालेल्या नुकसानीला लागतो. सकाळी मालाची खेप केली म्हणून दुपारी रिकामे क्रेट घेऊन परतताना झालेला अपघात त्यात बसतो का, यावर बोलायला जागा आहे. रिकामे क्रेट हाही मालच, असे कंपनीचा वकील म्हणेल. म्हणू दे.

हुकाबद्दल विचारलेच आहे, तर थोडे सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. केरळच्या जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडक शब्दांत वाचले. कंपनी तो निकाल आणेल. शिवाय बुलबार, म्हणजे बंपरपुढे बसवतात तो लोखंडी कठडा, हे कलम 52 चे उल्लंघन आहे, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2017 मध्ये राज्यांना कळवले होते, तेही आणेल. तुमच्या बाजूने त्याच कलमाचे स्पष्टीकरण आहे: फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचे मूलभूत स्वरूप बदलते. म्हणून हुक कसा बसवला ते महत्त्वाचे. उत्पादकाने ठेवलेल्या भोकांत बोल्टने बसवला असेल, तर रचना बदलली नाही असे म्हणता येते. बंपरमागची पट्टी कापून वेल्डिंग केले असेल, तर जपून बोला. सेडानला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते. गाडीच्या मालक-पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याबद्दल काय छापले आहे, ते आज संध्याकाळीच वाचा. 'ओढू नये' असे असेल, तर मला न कळवता तक्रार लिहू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र फाडून टाका. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याला नोंदणी लागते आणि विमाही. तुमच्याकडे दोन्ही नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही आहे. आरटीओला घरी बोलावून हे सगळे दाखवायची हौस कशाला? तो ट्रेलर पुन्हा रस्त्यावर काढू नका, हे वेगळे सांगायला नको.

पैशांची अपेक्षा बेताची ठेवा. अमलेंदु साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटले की वापराच्या मर्यादेसारख्या अटीचा भंग झाला तरी दावा सरसकट फेटाळू नये, देय रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत तडजोडीने द्यावी. आयोग बहुधा त्या आकड्याच्या आसपास थांबेल. पूर्ण रक्कम मागा, पण 75 टक्के मिळाले तर अपिलात जाऊ नका. अपघात ट्रेलरमुळेच झाला असे सर्व्हेअरने लिहिले असेल, तर हेही कमी होऊ शकते. म्हणून सर्व्हे रिपोर्टची प्रत कंपनीकडे आजच लेखी मागा. मात्र ती येईपर्यंत तक्रार थांबवू नका.

किती दिवस लागतील? कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, आणि तपासणी लागली तर पाच. माझ्या अशिलांची मुलेसुद्धा हे ऐकून हसतात. कॅलेंडर विकत घ्यायचे तर पुढच्या दोन वर्षांचे घ्या. एक गोष्ट मात्र तुमच्या हिताची आहे: कंपनीला लेखी म्हणणे मांडायला तीस अधिक पंधरा, असे पंचेचाळीसच दिवस मिळतात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की त्यापुढे एक दिवसही नाही. नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा. सेहेचाळिसाव्या दिवशी कंपनीचे म्हणणे आले, तर त्याच तारखेला हरकत नोंदवा.

कागद एवढे पुरे: पॉलिसी तिच्या सगळ्या अटींसह, नकाराचे पत्र, दुरुस्तीची बिले आणि पैसे भरल्याचे बँकेचे पुरावे, अपघाताच्या जागेचे फोटो, हुक बसवल्याची पावती, आणि तो तिसरा ई-मेलसुद्धा, कारण तो मला आधी वाचायचा आहे. आणि पत्राच्या शेवटी विचारता की हुक आता काढून भंगारात द्यावा का, तर नको. बोल्टवर की वेल्डिंगवर, हे दाखवायला तोच लागेल. तो कसा बसवला आहे याचे जवळून फोटो काढा आणि तारखेसह ठेवा.