‘सक्तीचे श्रमदान’ असं म्हणता येईल का?

तासगाव भागातल्या एका वाचक ताईंची शंका आहे. त्यांच्या गावात ओढ्यातला गाळ काढायचं ठरलं आणि फलकावर सूचना लागली: ‘श्रमदान सर्वांना सक्तीचे आहे. गैरहजर कुटुंबास २०० रुपये दंड.’ ताईंनी ग्रामसभेत उभं राहून विचारलं, दान सक्तीचं कसं असेल? उत्तर मिळालं, ‘बोलायची मुभा सगळ्यांना आहे, पण चांगल्या कामात खोडा घालू नका.’ ताई विचारतात, हा शब्दप्रयोग बरोबर की चूक?

चूक. आणि ही चूक निव्वळ व्याकरणाची असती तर मी एवढं लिहायला बसलो नसतो.

दान म्हणजे आपल्या मालकीचं काहीतरी आपणहून सोडणं आणि ते दुसऱ्याचं होऊ देणं. जुन्या धर्मशास्त्रातली व्याख्याही याच अर्थाची आहे. त्यात ‘आपणहून’ हा भाग काढला की दान उरतच नाही. श्रम माझे आहेत, म्हणूनच मी ते देऊ शकतो. जे गैरहजर राहिल्यास दंडासह वसूल होतं, ते मी दिलेलं नसून माझ्याकडून घेतलेलं असतं. घेतलेल्या कष्टाला मराठीत फार जुना शब्द आहे, वेठ. संस्कृत ‘विष्टि’पासून तो आला. फारसीतून ‘बेगार’ आला, त्याचं आपण बिगार केलं आणि दोन्ही जोडून वेठबिगार म्हणू लागलो. कागदपत्र या शब्दात जशी एकाच अर्थाची दोन माणसं शेजारी बसली आहेत, तसंच हे.

असाच फरक वर्गणी आणि पट्टी यांत आहे. वर्गणी मागतात, पट्टी बसवतात. घरपट्टी, पाणीपट्टी हे शब्द प्रामाणिक आहेत, कारण न भरून चालणार नाही हे ते लपवत नाहीत. गणपतीची वर्गणी मात्र जेव्हा ‘एवढेच द्या, नाहीतर बघून घेऊ’ अशा सुरात मागितली जाते, तेव्हा पावतीवर वर्गणी लिहिलेलं असलं तरी ती पट्टीच असते.

आता ताईंच्या प्रश्नातला मला सर्वांत जवळचा भाग. त्या विचारतात, मग आपल्याकडे एकमेकांच्या मदतीला कोणते शब्द होते? होते आणि अजून आहेत. आमच्या कराडकडच्या गावात ‘पैरा’ मी लहानपणी रोज ऐकायचो. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीला आला की आजी पहाटे डोक्याला फडकं बांधून निघायची. कुठं चाललीस विचारलं की म्हणायची, ‘पैरा फेडायचा हाय.’ आज ती दुसऱ्याच्या रानात, चार दिवसांनी त्या घरातली बाई आमच्या रानात. पैसा मध्ये येत नाही. हिशेब मात्र असतो, अगदी काटेकोर असतो, फक्त तो डोक्यात असतो. शाळू उपटायच्या दिवसाची फेड शेंगा तोडायच्या दिवसानं झाली तर चालायचं, पण बैलजोडीच्या दिवसाला एकट्या माणसाचा एक दिवस पुरायचा नाही. म्हणजे न्याय काय, हे या शब्दातच बसलेलं आहे. बरोबरीचं परत द्यायचं, आणि बरोबरी कशाशी कशाची हे दोघांनी मिळून ठरवायचं. ‘फेडणे’ हे क्रियापदही बघा. आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो, पांग फेडतो. तिघांतही बांधिलकी आहे, पण ती माणसानं स्वतः अंगावर घेतलेली असते.

इर्जीक त्याहून वेगळी. एखाद्याचं रान पडून राहिलंय, घरात आजारपण आहे, बैल मेलाय, अशा वेळी गावातली औतं एका दिवशी त्याच्या रानात जातात. नांगरट संध्याकाळपर्यंत उरकते आणि रानाचा मालक सगळ्यांना जेवू घालतो. इथं परतफेडीचा हिशेब पैऱ्यासारखा घट्ट नसतो. कोणाचं औत आलं नाही म्हणून दंड झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. पैऱ्यातही जो फेडत नाही त्याला पुढच्या वेळी कोणी बोलवत नसे, एवढंच. ती शिक्षा लहान नव्हती, पण ती कोणाच्या फलकावरून येत नव्हती. ज्याला सोबत नको त्यानं सोबत सोडली, इतकाच तिचा अर्थ होता.

पण जुन्या गावाची नुसती आरती ओवाळून मी थांबलो तर ते खोटं ठरेल. पैरा बरोबरीच्यांत चालायचा. ज्यांना गावानं बरोबरीचं मानलं नाही, त्यांच्या वाट्याला त्याच गावात वेठ होती. महार वतनात, म्हणजे महारांकडे वंशपरंपरेनं आलेल्या गावकामात, सरकारी आणि गावकीची कामं रात्री-अपरात्री करावी लागत, मोबदला नावापुरता आणि नाही म्हणायची सोय नाही. हे वतनाच्या नावाखाली चालायचं, म्हणजे तिथंही शब्द मानाचा आणि काम वेठीचं. सातारच्या शाळेत १९०० साली ज्यांचं नाव घातलं गेलं, त्या डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती मागणारं विधेयक मांडलं, ते या पिळवणुकीविरुद्ध. म्हणून ‘गावाचं काम आहे, सगळ्यांनी केलंच पाहिजे’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, हे ‘सगळे’ कोण ठरवतो आणि दंड भरून मोकळं होणं कोणाला परवडतं? २०० रुपये पगारदाराला काहीच नाहीत. रोजावर जाणाऱ्या बाईची मात्र त्या दिवशीची मजुरीही बुडते आणि ती कामावर गेली तर वर दंडही बसतो.

राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदानं वेठबिगारीला मनाई केली आहे. सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येते हे तिथंच म्हटलं आहे, पण ती लावताना धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. आणि १९व्या अनुच्छेदातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. बोलण्याचं स्वातंत्र्य ज्या खंडात आहे, त्याच खंडात २०११च्या ९७व्या घटनादुरुस्तीनं सहकारी संस्था स्थापण्याचा हक्कही आला. त्याच दुरुस्तीनं ४३ख हा अनुच्छेद घातला, त्यात या संस्था स्वेच्छेनं स्थापन व्हाव्यात असं म्हटलं आहे. मला हा शेजार फार योग्य वाटतो. सांगली-साताऱ्यात ‘सहकार’ म्हटलं की कारखान्याची चिमणी डोळ्यांपुढे येते, पण शब्दात आहे ते ‘सह’, म्हणजे बरोबर, आणि ‘कार’, म्हणजे करणं. ज्याला ‘मला पटत नाही’ असं मोठ्यानं म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ची किंमत काय? तो बरोबर आलाय की त्याला ओढत आणलंय, हे कळायचं कसं?

इथंच ‘मुभा’ आणि ‘खोडा’ हे दोन शब्द ताईंना लागले आहेत. मुभा अरबीतल्या ‘मुबाह’वरून आला, अर्थ परवानगी असलेलं. मुभा कोणीतरी देतो, म्हणून तो ती काढूनही घेऊ शकतो. ग्रामसभेत बोलायची मुभा नसते, हक्क असतो. ‘हक्क’ही अरबीच, आणि मुळात त्याचा एक अर्थ सत्य असा आहे. हकीकत हा शब्द त्याच कुळातला. आणि खोडा म्हणजे काय? कैद्याचे पाय अडकवायचं भोकांचं लाकूड. माणसाला जागच्या जागी जखडण्याचं ते साधन. उभं राहून शंका विचारणाऱ्या बाईला ‘खोडा घालते’ म्हणणं म्हणजे लाकूड कोणाच्या पायात आहे हेच उलटं सांगणं.

‘सक्ती नसेल तर येणार कोण?’ असं म्हणणाऱ्यांची काळजी मी समजू शकतो. गाळ काढायला दहाच घरं आली तर त्या दहांवर अन्याय होतो, हेही खरं. पण औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत केली, तिला भिंती नव्हत्या आणि नाव होतं स्वतंत्रपूर. शिक्षा झालेल्यांवर जिथं एवढा विश्वास टाकला गेला, त्याच मुलखात गावच्या माणसांवर तो का टाकू नये? आणि गावांनी श्रमदानातून पाणी अडवायच्या वॉटर कप स्पर्धेत, २०१६च्या पहिल्याच वर्षी, पहिलं आलेलं वेळू हे गाव आपल्याच साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं.

तेव्हा ताई, सूचना बदलायला सांगा. काम सर्वांनी वाटून करायचंच असेल आणि ग्रामसभेत चर्चा होऊन ते खरोखर ठरलं असेल, तर ‘पाळी’ लिहा: ‘गाळ काढण्याची पाळी पुढीलप्रमाणे, ज्यांना जमणार नाही त्यांनी दिवस बदलून घ्यावा.’ पैसे घ्यायचे असतील तर ‘फाळा’ लिहा, आणि तो कोणत्या हिशेबानं बसवला तेही लिहा. आणि श्रमदानच हवं असेल तर ‘यावे ही विनंती’ एवढंच लिहा, खाली जेवणाची वेळ घाला. ‘इर्जीक’ लिहिलंत तरी तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना लगेच कळेल. शब्द स्त्रीलिंगी आहे, ‘ती इर्जीक’, आणि ‘र्जी’ दीर्घ.