सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडवणारा आजार) असलेल्या मुलाची उंची वाढत नाही, थायरॉइड तपासायचं का?
हो, तपासाच. सिलिअॅक ऑटोइम्यून असतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, अन थायरॉइडचा बिघाडही तसा असू शकतो, म्हणून सिलिअॅकवाल्या पोरांमध्ये थायरॉइड जास्त बिघडते. टीएसएच, फ्री टी४ (थायरॉइडचा हार्मोन), अँटी टीपीओ (थायरॉइडवर उलटणाऱ्या अँटीबॉडी) या रक्ताच्या टेस्ट एकाच वेळी करून घ्या. टीएसएच हा हार्मोन मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सोडते, थायरॉइड सुस्त पडली की तो वाढतो, पण थोडाच वाढलेला अन टी४ नॉर्मल असला तर डॉक्टर बरेचदा काही महिने थांबून परत टेस्ट करतात.

माझ्या भाचीचा गहू बंद केला, ज्वारीची भाकरी सुरू केली, तेव्हा कुठं दारामागची पेन्सिलची खूण वर सरकली. इथं नागपुरात सांबारवडीच्या (कोथिंबिरीच्या वडीच्या) पारीत मैदा असू शकते, विचारूनच द्या बरं! वर्षभर पथ्य कडक पाळूनही उंची अडली तर ग्रोथ हार्मोन बघावा लागतो, तोही पिट्युटरीचाच, त्यासाठी मुलांच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) जा.