बाळ 24 दिवसांचं आहे, कावीळ जात नाही पण ताप नाही, तरी डॉक्टरांनी लघवीचं कल्चर का सांगितलं?

कल्चर म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते बघायची तपासणी. करून घ्या, आणि उद्यावर टाकू नका प्लीज. माझी मुलगी महिन्याची पण नव्हती तेव्हा, ताप नाही, दूध नीट प्यायची, फक्त डोळे पिवळे, आणि निघालं युरीन इन्फेक्शन. एवढ्या लहान बाळात कधीकधी कावीळ हीच एकमेव खूण असते. जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो आणि इन्फेक्शनमुळे लिव्हरमधून पित्त बाहेर पडायचं काम मंदावतं म्हणून पिवळेपणा राहतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाची साधी कावीळ 14 दिवसांत जाते, कमी दिवसांचं असेल तर 21 धरतात. त्यापुढे राहिली की कारण शोधायचं. अंगावरच्या दुधामुळेही राहते, बऱ्याच बाळांची तशीच असते आणि त्यासाठी दूध अजिबात तोडायचं नसतं, पण बाकीचं तपासल्याशिवाय तसं धरून चालू नका.

आता महत्त्वाचं म्हणजे सॅम्पल. पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात, मग कल्चर पॉझिटिव्ह आलं तरी खरं की खोटं कळत नाही. आमचं तेच झालं, परत बारीक नळी घालून घ्यावं लागलं, ती इतकी रडली की मला बघवेना, पण तो रिपोर्ट भरवशाचा होता आणि औषध नेमकं देता आलं. अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी सॅम्पल गेलं पाहिजे हे आवर्जून विचारा. इन्फेक्शन निघालंच तर नंतर किडनीची सोनोग्राफी सांगतील, तीही करा.

बिलिरुबिनची, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याची, रक्ततपासणी करताना त्यातलं डायरेक्ट (लिव्हरमधून पित्तात जाणारं) किती ते वेगळं बघायला सांगा. आणि शीचा रंग रोज उजेडात बघा, पांढरट किंवा फिकट मातकट वाटली तर त्याच दिवशी दाखवा, कारण पित्ताची नळी बंद असेल तर ऑपरेशन साधारण 60 दिवसांच्या आत झालेलं सगळ्यात चांगलं.

घरचे म्हणतील कोवळ्या उन्हात ठेव, काविळीची माळ घाल, गुटी दे. मोठ्यांचा जीव तुटतो म्हणून सांगतात, पण यातल्या कशानेच इन्फेक्शन जात नाही, आणि सकाळच्या गारठ्यात बाळाला उघडं ठेवणं तर नकोच. पुण्यात असाल आणि खर्चाची अडचण असेल तर ससून या सरकारी हॉस्पिटलला बालरोग विभाग आहे, तिथे न्या.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, दूध सोडलं, सुस्त पडलं, उलट्या झाल्या तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.