आवडता गिटारिस्ट वाजवतो तीच गिटार घ्यावी का?

पंधरा हजारांत पहिली इलेक्ट्रिक घ्यायची आहे, गन्स एन' रोझेस बँडचा गिटारिस्ट स्लॅश आवडतो, तर तो वाजवतो त्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉलच्याच आकाराची घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. त्या कारणासाठी तरी नका घेऊ.

आमच्या घरात यावरून अजून भांडण धुमसतंय, म्हणून एवढं लिहितोय. भाचा दहावी झाल्यावर क्लासला जायला लागला. मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, तेव्हा ताई म्हणाली, मामाला बरोबर न्या. धोबी तलावच्या एका दुकानात गेलो तिघं, भावोजी धरून. पोरानं भिंतीवरची फिकट हिरवी, साध्या कंपनीची, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीचं प्रसिद्ध मॉडेल) आकाराची एक काढायला लावली आणि ती खाली ठेवायलाच तयार नाही. नेक, म्हणजे गिटारीची दांडी, हातात बसत होती, बार कॉर्ड (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायच्या) धरताना तोंड वाकडं होत नव्हतं. पहिल्या गिटारीत याच्यापुढे बघण्यासारखं काय असतं? भावोजींनी दुकानदाराला विचारलं, "ही कोण वाजवतं?" तो बिचारा गप्प. मी म्हटलं, "हा वाजवतोय की." पण भावोजींची पॉलिसी नुकतीच मॅच्युअर झालेली आणि मोबाईलवर स्लॅशचा फोटो तयार. "घ्यायची तर नावाची. आणि कॉपी नको, ओरिजिनल."

आली ओरिजिनल लेस पॉल. चार किलोच्या आसपास तिचं वजन, वर हार्ड केस, आणि क्लास दादरला. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला ती पेटी घेऊन चढून दाखवा. घरीही तेच: पट्टा लावून उभ्यानं वाजवू नको, पडेल. मित्रांना हात लावू देऊ नको. बक्कल लागून ओरखडा येईल. पोरगा शेवटी क्लासमधलीच जुनी गिटार वाजवायला लागला आणि घरची कपाटावर गेली. आवाज स्लॅशसारखा येत नाही ही भावोजींची तक्रार मात्र चालूच. आता म्हणतात अ‍ॅम्प बदलू.

आता गंमत ऐका. १९८७ च्या ज्या पहिल्या अल्बमनं स्लॅशचं नाव झालं, त्यावर त्यानं प्रामुख्यानं वाजवलेली लेस पॉल गिब्सनची नव्हतीच. क्रिस डेरिग नावाच्या कारागिरानं हातानं बनवलेली कॉपी होती ती. म्हणजे ज्या आवाजापायी 'कॉपी नको' झालं, तो आवाजच कॉपीचा. हे मी दिवाळीला जेवताना सांगितलं. भावोजी म्हणाले, "तो स्लॅश आहे, त्याला चालतं." अहो, मी वेगळं काय म्हणत होतो?

पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मोरनं आपली ती काळी स्ट्रॅट २०१९ मध्ये लिलावात काढली, जवळपास ४० लाख डॉलरना गेली. घेणाऱ्याला गिटार मिळाली, गिल्मोरची बोटं नाही. क्वीन बँडच्या ब्रायन मेनं तर १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, नेकला लाकूड जुन्या फायरप्लेसचं. त्याची नक्कल करायची तर आधी चाळीतला दरवाजा उतरवायला लागेल.

तुम्ही दुकानात नेक सरळ आहे का बघा, बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तारा फार उंच नाहीत ना बघा, प्रत्येक फ्रेट वाजवून कुठे खरखरतंय का ऐका. सगळे पैसे गिटारीत घालू नका, छोटा अ‍ॅम्प आणि सेटअपला (तारांची उंची वगैरे जुळवून घ्यायला) ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेनं तारा गंजतात, सेटअपही परत करायला लागतो.

हां, स्लॅशचा तो जाड आवाज हवाच असेल तर हंबकर पिकअप (तारांचा आवाज पकडणारा दोन कॉइलचा भाग) असलेली घ्या, साध्या सिंगल कॉइलमधून तो निघणार नाही. पण हंबकर कुठल्याही आकारात मिळतात. आणि लेस पॉलची बाजूही सांगतो: तिची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, पावणेपंचवीस इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस, त्यामुळे त्याच तारा तिच्यावर थोड्या सैल लागतात, बेंड करायला, म्हणजे बोटानं ओढून सूर चढवायला, सोप्या. बोटांना बरी, खांद्याला नाही. दुकानात हातात घेतल्यावर तीच आवडली तर खुशाल घ्या.

फक्त पैसे देणाऱ्याला दुकानात नेऊ नका. न्यायचंच असेल कुणाला तर मामाला न्या.